शेजारी भिंतीला लागून खोली काढतोय? ओल टाळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात बांधकामांना ऊत येतो. पाऊस अजून लांब असतो, गवंडी मिळतो, आणि 'पावसाआधी स्लॅब पडला पाहिजे' हा एकच घोष घरोघरी चालू असतो. कुणी मागच्या अंगणात स्वयंपाकघर वाढवतो, कुणी मुलाच्या लग्नाआधी एक खोली काढतो. ती खोली शेजारच्या भिंतीला टेकली, की पहिल्या-दुसऱ्या पावसात शेजारच्या घरात डाग उमटतो आणि मग दोन्ही घरांची बोलाचाली बंद होते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आम्हाला साइटवर जे प्रश्न सतत विचारले जातात, ते त्यांच्या उत्तरांसह इथे दिले आहेत.

शेजारी माझ्या भिंतीला लागून बांधतोय. ओल खरंच येते, की ही उगाच भीती?

येते. आणि कारण साधं आहे. विटेची भिंत पाणी पितेच. आजवर तुमची बाहेरची भिंत पावसात भिजायची आणि उघडीप मिळाली की वाऱ्या-उन्हाने वाळायची. शेजाऱ्याची भिंत तिच्यासमोर उभी राहिली की ऊन-वारा बंद होतो. पाणी मात्र बंद होत नाही; ते दोन भिंतींमधल्या फटीतून वरून उतरत राहतं. भिजणं चालू आणि वाळणं बंद, असं झालं की पाण्याला एकच वाट उरते: तुमच्या खोलीच्या आत.

दुसरी अडचण अशी, की एकदा ती भिंत झाकली गेली की तिच्यापर्यंत पुन्हा कुणाचा हात पोचत नाही. बाहेरून गिलावा करता येत नाही, कोटिंग मारता येत नाही. म्हणून या पानावर पुढे जे काही लिहिलं आहे त्याचा सगळा जोर एका गोष्टीवर आहे: भिंत उघडी आहे तोवर काम करून घ्या. ते थोडेसे दिवस हातचे गेले, तर नंतर आतून कितीही पैसे ओता, ती मलमपट्टीच राहते.

आमच्याकडे पाऊस तो केवढा! कोकणात ठीक आहे, इथे एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न धुळ्यात हमखास येतो. नवापूर-अक्कलकुव्याचा पट्टा सोडला तर खान्देशात पाऊस बेताचाच, हे खरं. पण हिशोब करून पाहा. शेजाऱ्याची नवी खोली ३०० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. एका रात्री ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या स्लॅबवर सुमारे १,४०० लिटर पाणी पडतं. स्लॅबचा ढाळ तुमच्या भिंतीकडे असेल, तर ते सगळं पाणी एका रेघेवर येऊन उभं राहतं. वर्षाचा पाऊस किती, याने भिंतीला फरक पडत नाही. तासाभरात तिच्या बुडाशी किती पाणी साठलं, याने पडतो.

शिवाय कोकणात नसलेलं एक दुखणं आपल्याकडे आहे, ते म्हणजे काळी जमीन. तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यातली ही माती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तुमचं जुनं घर वर्षानुवर्षांच्या वजनाने बसलेलं असतं. शेजाऱ्याची नवी खोली हलकी, पाया बऱ्याचदा उथळ. त्यामुळे ती दरवर्षी थोडी वर उचलली जाते, थोडी खाली बसते. दोन घरांमधला सांधा ऋतूप्रमाणे उघडझाप करतो. तो सिमेंटच्या मालाने भरला तर पहिल्याच वर्षी तडकतो आणि त्या तडीतून पाणी उतरतं. 'काही नही व्हस भाऊ, सिमेंट भरी टाकू' असं सांगणारा मिस्त्री मनाने चांगला असेल, पण हा सल्ला घेऊ नका.

शेजाऱ्याने कालच सांगितलं की पुढच्या महिन्यात काम काढतोय. मी आज काय करू?

आधी त्याच्याबरोबर चहा घ्या आणि चार गोष्टी विचारून घ्या: जोतं किती उंच ठेवणार, स्लॅब कोणत्या पातळीला येणार, पावसाचं पाणी कोणत्या बाजूला काढणार, आणि तुमच्या भिंतीच्या बाजूला बाथरूम किंवा मोरी येणार आहे का. नकाशा असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. ही उत्तरं मिळाली की तुमच्या भिंतीचा कोणता भाग झाकला जाणार आणि कोणता उघडा राहणार, ते कळतं.

मग फोटो काढा. आतून, बाहेरून, गच्चीवरून. आधीपासूनच्या भेगा असतील तर त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. हे फोटो शेजाऱ्यालाही पाठवून ठेवा, म्हणजे उद्या 'ही भेग आधीचीच होती' की 'तुमच्या कामाने पडली' यावर भांडण नको. दोघांचाही त्यात फायदा आहे.

यानंतर भिंतीकडे वळा. बाहेरचा जुना गिलावा ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला काढून टाका. विटांचे सांधे खरवडून, भिंत भिजवून, १:४ मालाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) दोन हातांचा गिलावा करा आणि मालात वॉटरप्रूफिंगचं द्रावण ठरलेल्या प्रमाणातच मिसळा. जास्त घातलं की जास्त फायदा होतो, असं नसतं. गिलावा पुरता वाळल्यावर त्यावर लवचिक पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. हे कोटिंग शेजाऱ्याच्या होणाऱ्या स्लॅबच्या किमान सहा इंच वरपर्यंत न्या.

इथे एक इशारा. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो. सकाळी केलेला गिलावा दुपारी पांढरा पडतो. त्यावर गोणपाट बांधून दिवसातून चार-पाच वेळा पाणी मारलं नाही, तर तो केसासारख्या बारीक भेगांनी भरतो आणि वॉटरप्रूफिंगचा सगळा खर्च पाण्यात जातो. आठवडाभर तरी क्युरिंग हवं, दहा दिवस झालं तर उत्तम. काँक्रीटला तर उष्ण-कोरड्या हवेत दहा दिवसांपेक्षा कमी चालतच नाही.

भिंतीचा जमिनीखालचा भाग बहुतेक लोक विसरतात. भिंतीलगत दीड-दोन फूट रुंद चर घ्या, चराची खोली पायाच्या वरच्या पातळीपर्यंतच. जोत्याची बाहेरची बाजू साफ करून गिलावा करा, वाळल्यावर डांबरी कोटिंगचे दोन हात द्या. आणि त्या भिंतीवरून उतरणारे तुमचे पाइप, कूलरच्या पाण्याची नळी, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टचं भोक, वायरसाठी पाडलेली छिद्रं, जे जे त्या बाजूला आहे ते हलवा किंवा पक्कं बुजवा. गच्चीचं पाणी त्या बाजूला उतरत असेल तर आत्ताच दुसरीकडे वळवा. भिंती उभ्या राहिल्यावर त्या सांदीत फुटलेला पाइप बदलायला कुणीही प्लंबर उतरणार नाही.

दोन भिंतींत अंतर ठेवावं की अगदी चिकटून बांधू द्यावं?

अंतर ठेवायचं तर माणूस आत जाईल एवढं ठेवा, अडीच-तीन फूट. म्हणजे झाडू मारता येतो, गिलावा करता येतो, उंदराचं बीळ दिसतं. जागा नसेल तर सरळ एक इंचाचा सांधा ठेवून त्याचं तोंड पक्कं झाका. या दोन्ही पद्धती चालतात.

न चालणारी पद्धत म्हणजे तीन ते आठ इंचांची फट. हात जात नाही, पण पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, कबुतरांची घाण आणि गल्लीतल्या पोरांचा चेंडू हे सगळं जातं. खालचा कचरा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि भिंतीचं बूड बारा महिने ओलं राहतं. दुर्दैवाने आपल्याकडे सगळ्यात जास्त फटी याच मापाच्या असतात, कारण 'थोडीशी जागा सोडली' हे समाधान दोघांनाही मिळतं.

आणखी एक वाईट पद्धत: तुमच्या भिंतीलाच सेंट्रिंगची फळी समजून तिला टेकवून काँक्रीट ओतणं. त्यात सांधाच राहत नाही, दोन्ही घरं एकमेकांना चिकटतात, आणि जमीन हलली की ती जिथे कच्ची असेल तिथे फाटतात. काँक्रीट ओतायचंच असेल तर मध्ये एक इंची थर्माकोलची शीट लावायला सांगा. खर्च किरकोळ आहे. तुळई किंवा स्लॅबचं टोक तुमच्या भिंतीत घुसवू मात्र देऊ नका, शेजारी कितीही घरोब्याचा असला तरी.

विटांची भिंत चढत असताना मालाचे गोळे फटीत पडतात आणि दोन भिंतींमध्ये अडकून बसतात. असा प्रत्येक गोळा पाण्याला तुमच्या भिंतीकडे न्यायचा पूलच असतो. उपाय जुना आणि फुकटचा आहे: फटीत दोरीला बांधलेली पातळ फळी सोडायची, थर चढतील तशी ती वर ओढायची, पडलेला माल काढून टाकायचा. गवंडी कुरकुर करेल, पण करतो. शेजाऱ्याच्या भिंतीच्या तुमच्याकडच्या बाजूला नंतर गिलावा करता येणार नाही, म्हणून त्या बाजूचे सांधे थर चढतानाच दाबून भरायला सांगा.

फटीचं तोंड नेमकं कसं झाकायचं?

सगळ्या कामात सर्वात महत्त्वाचा तपशील हाच, आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणाही इथेच होतो.

दोन्ही भिंती सारख्या उंचीच्या असतील तर गॅल्व्हनाइज्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची टोपी बनवून घ्या, उलट्या यू आकाराची, दोन्हीकडे तीन-चार इंच खाली उतरणारी. ती एकाच भिंतीला स्क्रूने बसवायची, दुसऱ्या भिंतीवर नुसती टेकलेली ठेवायची. दोन्हीकडे ठोकली तर भिंती हलल्या की पत्रा फाटतो किंवा स्क्रू उपटतात. टोपीला थोडा ढाळ हवा आणि तिचे जोड किमान चार इंच एकमेकांवर चढलेले हवेत.

तुमची भिंत उंच आणि शेजाऱ्याचा स्लॅब खाली असेल (आपल्याकडे बहुतेक वेळा हेच असतं), तर त्याच्या स्लॅबच्या तयार पातळीपासून सहा इंच वर तुमच्या भिंतीत कटरने एक आडवी खाच पाडावी लागते. पत्र्याची वरची कड त्या खाचेत घुसते, खालची कड त्याच्या स्लॅबवरच्या कठड्यावर किंवा वाट्यावर (कोपऱ्यातल्या मालाच्या गोलाईवर) उतरते. खाचेचं तोंड पॉलियुरेथेन सीलंटने बंद करायचं. खाच तुमच्या भिंतीत पडणार म्हणून तुमची परवानगी लागते; ती खुशाल द्या, कारण फायदा तुमचाच आहे. अनेक जण 'माझ्या भिंतीला हात लावायचा नाही' म्हणून अडून बसतात आणि पुढे दर पावसाळ्यात पोपडे गोळा करतात.

शेजाऱ्याची भिंत उंच असेल तर हेच उलट: खाच त्याच्या भिंतीत, उतार तुमच्याकडे.

पत्र्याऐवजी नुसतं सीलंट भरून भागेल का? एक इंची सांध्यात आत गोल फोमची दोरी दाबून वरून सीलंट भरलं, तर काही वर्षं टिकतं. पण खान्देशचं ऊन ते लवकर वाळवतं. पत्रा वर आणि सीलंट खाली, असं दोन्ही केलं तर निश्चिंत. फटीच्या पुढच्या-मागच्या उभ्या कडाही बंद करा, फक्त अगदी तळाशी एक-दोन ठिकाणी वाट मोकळी ठेवा. चुकून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा हवी.

त्याचं जोतं माझ्यापेक्षा दोन फूट उंच येतंय. चालेल?

चालेल, पण भरावाआधी काम झालं तर. आता सगळ्याच नव्या घरांची जोती उंच असतात, कारण काँक्रीटचे रस्ते दर वेळी जुन्यावर नवा थर चढवून वर आले आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. जुन्या कॉलन्यांतली किती घरं आता त्यात बसतात ते पाहा.

तुमच्या जोत्यावर एक ओलरोधक थर असतो, त्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात. जमिनीतली ओल तिथे थांबते. शेजाऱ्याने मुरूम-मातीचा भराव तुमच्या भिंतीला टेकवून त्या थराच्या वर नेला, की ओल थराला वळसा घालून थेट तुमच्या विटांत शिरते. तुमचा डीपीसी कितीही चांगला असला तरी तो निकामी. म्हणून भराव तुमच्या भिंतीवर टेकता कामा नये. शेजाऱ्याने आपल्या हद्दीत भराव अडवणारी स्वतःची जोत्याची भिंत बांधावी, ही योग्य रीत. ते होत नसेल, तर किमान तुमच्या भिंतीला डांबरी कोटिंग, त्यावर जाड प्लास्टिक शीट, आणि शीटला भोक पडू नये म्हणून पुढे एक चार इंची विटांची आडभिंत, आणि मगच भराव. काळी माती भरावात वापरू देऊ नका. मुरूम हवा, तोही थराथराने पाणी मारून धुमसलेला.

पाया खोदताना माझ्या घराला धोका आहे का?

ओलीपुरतं बोलायचं तर धोका असा: तुमच्या पायालगत चर उघडा पडला आणि त्यात वळवाचा पाऊस साचला, तर काळी माती फुगते-बसते आणि भिंतीत तिरक्या भेगा पडतात. मग पाणी त्या भेगांतूनच येतं. त्यामुळे लागून असलेला चर एकदम सगळा न उघडता चार-पाच फुटांच्या तुकड्यांनी खोदावा. एक तुकडा खोदून, भरून, मग पुढचा. तुमच्या पायाच्या खाली खोदाई जाणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडण्यासारखं नाही.

आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) आहे. आम्ही सिमेंटचा गिलावा करून घेऊ का?

नको. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला घट्ट सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते, माती मऊ पडते आणि एक दिवस गिलाव्याची अख्खी चादर मातीसकट सुटते. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा बरा, कारण तो ओल बाहेर सोडतो. धाब्याच्या घरासाठी शेजाऱ्याने अडीच-तीन फुटांचं अंतर सोडणं हा खरा उपाय आहे. ते शक्य नसेल तर मातीच्या भिंतीच्या बुडाशी दगडी जोत्यापर्यंत चर घेऊन पाणी लांब काढा, आणि धाब्याच्या पन्हळी त्या बाजूवरून काढून पुढच्या दाराकडे वळवा. दरवर्षी धाब्यावर खारी माती टाकताना त्या कडेला जरा जास्त चढवा, म्हणजे पाणी सांध्याकडे वळणार नाही.

मातीच्या घराला लागून कुणी बोअर मारत असेल किंवा शोषखड्डा घेत असेल, तर ते काम थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे असं समजून बोला. काळ्या जमिनीत शोषखड्डा पाणी शोषत नाही, नुसता भरून राहतो. आणि ते पाणी तुमच्या पायाकडे सरकतं.

माझ्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे त्यांचं बाथरूम येतंय.

जमल्यास जागा बदलायला सांगा. नकाशावर बाथरूम दुसऱ्या भिंतीला सरकवायला पैसा लागत नाही. नाहीच जमलं तर तीन गोष्टींचा आग्रह धरा. नळाचे पाइप तुमच्या बाजूच्या भिंतीत न दडवता समोरच्या भिंतीत घ्यावेत. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या जागी छताजवळ पोचेल इतकं वर चढवावं. आणि टाइल्स बसवण्याआधी नहाणी ट्रॅपचं (फरशीतलं पाणी वाहून जाण्याच्या जाळीचं) तोंड बंद करून फरशीवर पाणी भरून दोन दिवस ठेवावं. तुम्ही तुमच्या खोलीत त्या भिंतीवर हात फिरवून पाहा. टाइल्स लागल्यानंतर ही चाचणी कुणी करत नाही आणि केली तरी दुरुस्तीला कुणी फरशी फोडत नाही.

पक्की खोली नाही, नुसतं पत्र्याचं शेड टाकतोय. मग तर काही नाही ना?

उलट पत्र्याचं शेड जास्त त्रास देतं. पत्र्याचा उतार जवळजवळ नेहमी तुमच्या भिंतीकडे असतो, कारण पुढच्या बाजूला त्याला उंची हवी असते. उतार उलट्या बाजूला करायला सांगा. ते शक्य नसेल तर पत्र्याच्या टोकाला पन्हळ हवीच, आणि ती तुमच्या भिंतीपासून हातभर लांब संपायला हवी.

कूलरचं पाणी?

मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो. बोअरचं खारं पाणी गवतातून झिरपून भिंतीवर पडलं की आधी पांढरी रेघ, मग लोणा (क्षाराचा थर), मग पोपडा. शेजाऱ्याचा कूलर तुमच्या भिंतीकडे तोंड करून असेल तर खाली ट्रे आणि नळी लावायला सांगा. एसीच्या नळीचंही तेच.

ओल आलीच. ती शेजाऱ्यामुळेच आहे हे कसं ओळखायचं?

डाग कुठे आणि कधी येतो ते पाहा. पावसानंतर काही तासांत वरून खाली पसरणारा डाग: फटीचं तोंड. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली, वरच्या कडेला पांढरा लोणा असलेली ओल: जोतं आणि भराव. पाऊस असो-नसो, भर उन्हाळ्यातही ओला असणारा डाग: पाइप किंवा बाथरूम. हा शेवटचा ओळखायला खान्देश सोयीचा आहे, कारण मे महिन्यात इथे दुसरं काही ओलं राहूच शकत नाही.

शंका असेल तर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला दव धरलं तर ती खोलीतल्या हवेची आहे, खिडकी उघडा. फटीची शंका असेल तर कोरड्या दिवशी सांध्यावर फक्त तिथेच अर्धा-पाऊण तास पाइपने हळू पाणी सोडा आणि आत कुणाला तरी भिंतीसमोर उभं करा. हे शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत केलं तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

आतून केमिकल मारून मिटणार नाही का? दुकानदार दहा वर्षांची हमी देतो.

हमी डब्याची असते, भिंतीची नसते. आतून मारलेला घट्ट थर पाणी थांबवत नाही, नुसतं अडवतो. मग ते बाजूच्या भिंतीत किंवा वर सरकून दुसरीकडे फुटतं. जमिनीतून चढणाऱ्या ओलीसाठी भिंतीच्या बुडाशी ओळीने भोकं पाडून रसायन भरण्याची पद्धत आहे आणि पक्क्या विटांच्या भिंतीत ती काम करते. वरून येणाऱ्या पाण्याला तिचा काही उपयोग नाही. आधी पाण्याची वाट बंद करा, भिंतीला वाळू द्या, मगच आतला खराब गिलावा काढून नवा करा.

कानबाई (श्रावणात घरोघरी बसते ती खान्देशातली देवी) बसवायच्या आधी रंग द्यायचाय, भिंत ओली आहे.

त्या भिंतीला यंदा नुसती चुन्याची सफेदी द्या. श्रावणात ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइलबेस रंग मारला की दिवाळीपर्यंत पापुद्रे हातात येतात. पुट्टी-रंग जानेवारीनंतर. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि कानबाईला तो चालतो.

परवानगी आणि कायद्याचं काय?

शहरात महापालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि बाजूला किती जागा सोडायची ते भूखंडाच्या आकारावर व भागावर ठरतं. जुन्या दाट वस्तीत अनेकदा भिंतीला भिंत चालते. बांधकाम विनापरवाना असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ते थांबवण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पण परवानगी असली म्हणून तुमच्या भिंतीत पाणी सोडण्याची मुभा मिळत नाही. तो दिवाणी हक्काचा विषय आहे.

पागोळ्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून सलग २० वर्षं उपभोगलेली सोय कायद्याचा हक्क बनू शकते. म्हणजे शेजाऱ्याच्या छताचं पाणी तुमच्या जागेत पडतंय आणि तुम्ही संकोचाने गप्प आहात, तर एकदा तरी लेखी हरकत घेऊन ठेवा. उलट तुमचं पाणी किंवा खिडकीचा उजेड वर्षानुवर्षं त्या बाजूने असेल, तर तोही बंद करण्याआधी शेजाऱ्याला विचार करावा लागेल.

हद्दच वादात असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या. गावठाणात स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका झाली असेल तर ती काढा. भिंत उभी राहिल्यावर मोजणी करून मिळतं ते फक्त कोर्टाचं काम.

खर्च कोणी करायचा?

आमचं मत: तुमच्या भिंतीचा गिलावा-कोटिंग तुमचं, कारण ती भिंत तुमची आहे आणि तिची देखभाल तशीही राहिली होती. फटीची टोपी, भराव अडवणारी भिंत, थर्माकोल, पन्हळ हे ज्याचं नवं बांधकाम आहे त्याचं. पाया खोदताना पडलेली भेग त्याची. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी आणि दोन साक्षीदारांनी सही केली तर उत्तम. शेजारी म्हणेल, 'आपल्यात कागद कशाला?' त्याला सांगा, कागद आपल्यासाठी नाही, पोरांसाठी. त्यांचं पटेलच याची खात्री कोण देतो?

शेजारी ऐकतच नाही.

मग वेळ दवडू नका, कारण स्लॅब पडला की तुमच्या हातातलं बरंच काही जातं. गावात तंटामुक्ती समिती किंवा सरपंच, शहरात दोघांच्या ओळखीचा वडीलधारा माणूस, हे आधी. भाऊबंदकी असेल तर मामा उपयोगी पडतो. तेवढ्याने नाही भागलं तर वकिलाची नोटीस, आणि काम चालू असतानाच दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमाचा अर्ज. न्यायालय जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमू शकतं, त्याचा अहवाल पुढे मोलाचा ठरतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा.

हे सगळं चालू असताना आपली भिंत मात्र आपण करून घ्या. पाऊस कोर्टाच्या तारखेची वाट पाहत नाही.

आणि बांधकाम मीच करतोय, शेजाऱ्याची भिंत आहे, तर?

वरचं सगळं उलटं वाचा. शेजाऱ्याला त्याची भिंत नीट करायला पंधरा-वीस दिवस आधी सांगा, आणि परात-शिडी ठेवायला तुमच्या अंगणात जागा द्या.

सगळं केलं. आता पहिल्या पावसात काय पाहायचं?

मृगाची पहिली जोरदार सर ओसरली की टॉर्च घेऊन गच्चीवर जा. टोपीच्या पत्र्याखाली पाणी शिरतंय का, स्लॅबवर सांध्याजवळ पाणी साचून राहिलंय का, फटीच्या तळाच्या मोकळ्या वाटेतून काही येतंय का, एवढं पाहा. तळातून थोडं पाणी आलं तर घाबरू नका, ती वाट त्यासाठीच ठेवली आहे. धार लागली असेल तर वरच्या पत्र्याचा जोड सुटला आहे. उघडीप मिळाल्याबरोबर पुन्हा सीलंट भरा. मग खाली येऊन खोलीतल्या भिंतीवर उलटा हात फिरवा, आणि कपाट त्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा.